दोन हॉर्नांनंतर

माझ्या गाडीचा कायदा सगळ्या फाट्याला माहीत होता. शाळेसमोर गाडी आली की एक हॉर्न. मास्तरानं पिशवी उचलावी, खोलीला कुलूप लावावं. मग दुसरा हॉर्न. त्याच्यानंतर गाडी निघाली, मग मागं राहिलेला मुख्याध्यापक असो की त्याच्या घरी त्या दिवशी लगीन असो. वारंगा फाट्यापासून आतल्या गावांत मी आयुष्यभर जीप चालवली आणि दोन हॉर्नांनंतर कुणासाठी थांबलो नाही. एकदाच थांबलो. इंजनसुद्धा बंद केलं. माझ्या गाडीतले सय्यद सर म्हणाले, मामा, तेवढं एक लिहा, बाकी तुमच्या बढाया आमच्या दिवाळी अंकात मावायच्या न्हाईत. म्हणून बसलो लिहायला. माझी शाळा चौथीपर्यंतच. अक्षर वाकडं येतं, पण मी रस्ता कधी चुकलो नाही.

आम्ही बंजारा. आमच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, धान्य वाहिलं. बैल गेले, डांबरी रस्ते आले. मी मास्तरं वाहिली. वाहणं काही आमच्या घराण्याचं सुटलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी धंदा सांगतो. मास्तर लोक राहतात नांदेडला. सकाळी बसनं फाट्यावर उतरतात. फाट्याच्या आत बस नाही. तिथून पुढं महिन्याची बांधीव गाडी, ती माझी. माझा रस्ता गोल होता. डोंगरकडा गावाच्या अंगाला जाऊन, मधली गावं घेऊन, धनगरवाडी, आणि सगळ्यांत शेवटी आमचा तांडा, मग परत फाटा. सकाळी ज्या क्रमानं सोडायचं त्याच क्रमानं संध्याकाळी उचलायचं, म्हणजे कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. गाडी भरणं ही पण कला असते. मधल्या सीटवर मॅडम लोक. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर नवे मास्तर, कारण नव्या माणसाच्या कमरेत दम असतो. आणि पुढं माझ्या शेजारी कदम गुरुजी.

कदम गुरुजी धनगरवाडीचे. नोकरीची थोडी वर्षं राहिलेली, मिशा पांढऱ्या, तोंड सदा कारल्याचा रस प्याल्यासारखं. पण त्यांची पोरं वाचायची, लिहायची, हिशोबात पक्की. त्यांच्या वर्गात तपासणीच्या साहेबाशिवाय कुणी पाय ठेवलेला नव्हता. सय्यद सर मधल्या मोठ्या गावचे, गणिताचे. ते मागं बसून सगळ्यांची मस्करी करायचे, त्यात माझी जास्त.

आता गाडीत मास्तर लोक काय बोलतात? महागाई भत्ता, बदली, आणि मोबाईलवर मागवलेली माहिती. ही माहिती आजच द्या, ती माहिती कालच का दिली नाही. येताना तेच, जाताना तेच. मी ऐकून ऐकून विटलो. एक दिवस, जाता-येता लागतो त्या नाल्याच्या पुलावर गाडी उभी केली आणि सांगितलं, फाट्यापासून ह्या पुलापर्यंत पगाराचं रडा, बदलीचं रडा, माझी ना नाही. पुलाच्या पुढं, आतल्या रस्त्यावर, जाता-येता फक्त लेकरांचं बोलायचं. ज्याला पटत नसेल त्यानं उतरून चालत जावं.

कदम गुरुजी म्हणाले, "सकरू, गाडी तुझी हाय, तोंड आमचं हाय."

मी म्हणालो, "तोंड गाडीत बसलेलं हाय."

तो झाला पुलाचा कायदा. लोक आता म्हणतात की मास्तरांचं एकमेकांकडून शिकणं कुठल्या तरी सभेतून सुरू झालं. सभा व्हायच्या, तिथं भाषणं व्हायची, सह्या व्हायच्या. शिकणं माझ्या गाडीत सुरू झालं. हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

मग शिंदे मॅडम आल्या. कोल्हापूरकडच्या. पहिलीच नोकरी, आणि मिळाली कुठं, तर आमच्या तांड्यावर. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीत बसता बसता विचारलं, "मामा, गाव चांगलं आहे का ओ?" मी म्हणालो, माझंच हाय. 

मॅडमच्या हाती पहिलीचा वर्ग. महिना गेला, दोन गेले, पोळा झाला. एका संध्याकाळी पूल जवळ आला तरी त्या गप्प. सय्यद सरांनी छेडलं तेव्हा म्हणाल्या, "पोरं बोलतच नाहीत. एक शब्द नाही. मैदानात दंगा करतात, वर्गात आली की दगड. मी रोज बोलून बोलून घसा बसवून घेते आणि ती नुसती बघत राहतात." एवढं बोलून त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

ही नुसती त्यांची तकलीफ नव्हती. तांड्याचा नायक माझा चुलतभाऊ थावरा. त्याची नात सोनी त्याच पहिलीत. फाट्यावरच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस तांड्यापर्यंत यायला तयार होती. थावरानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की होळीपर्यंत बघतो. तोवर लेकरं बोलती झाली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यानंतर सगळा तांडा पिवळ्या बसमध्ये. नायकाचा शब्द तांडा मोडत नाही. लेकरं गेली की शाळेला कुलूप. ती शाळा माझीपण होती, चौथीपर्यंतची का होईना. आणि वरून थावरा मला टोचायचा, "सकरू, तुझ्या गाडीतून तू मास्तर आणतो का पोतं आणतो?"

मी गाडीत सगळ्यांना सांगितलं की हे असं असं आहे. मग काय विचारता. जो तो उपाय सांगू लागला. कुणी म्हणालं गाणी घ्या, कुणी म्हणालं खाऊ द्या. सय्यद सरांनी आपल्या शाळेतल्या कापडी बाहुल्या आणून दिल्या. सोनी बाहुली बघून बाकाखाली शिरली. मी म्हणालो, अहो, लेकरांच्या घरात गोरमाटी बोली, तुमचं मराठी त्यांना साहेबाचं वाटतं. मग मी रोज सकाळी तांडा येईपर्यंत मॅडमला आमची बोली शिकवली. आई म्हणजे याडी, भाकर म्हणजे बाटी, मुलगी म्हणजे छोरी. मॅडमनं वर्गात जाऊन म्हटलं. लेकरं पोट धरून हसली. मी म्हणालो, बघा, तोंड उघडलं का नाही? मॅडम म्हणाल्या, हसायला उघडलं मामा, बोलायला नाही. माझं म्हणणं अजूनही असं आहे की सुरुवात मीच केली.

दिवाळी झाली. मॅडमनं एक दिवस सकाळी हळूच मला विचारलं की कोल्हापूरकडं बदली मागायला किती वर्षं लागतात. मी म्हणालो, हे पुलाच्या पुढचं बोलणं नाही. त्या म्हणाल्या, पूल अजून आला नाही मामा. खरंच आला नव्हता.

कदम गुरुजी शेजारी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. तर डोळे न उघडताच म्हणाले, "एवढे जण औषध सांगून राहिले. रोगी कोणी पाह्यला?"

 खरं होतं. मॅडमचा वर्ग त्यांच्यापैकी एकानंही बघितला नव्हता. बघणार कधी? ज्याची त्याची शाळा त्याच वेळेला. आणि बघायची रीतच नाही. वर्गात दुसरं माणूस आलं की मास्तराला वाटतं तपासणी आली.

तोड निघाली ती आमच्याच भागातली. वर्षात एखाद-दोन सुट्ट्या मुख्याध्यापकाच्या हातात असतात. ती सुट्टी गावाच्या जत्रेला देतात. धनगरवाडीची बिरोबाची जत्रा आली. धनगरवाडीची शाळा बंद, तांड्याची चालू. असल्या दिवशी मास्तर घरी झोपतो. त्या दिवशी सकाळी कदम गुरुजी फाट्यावर हजर, धोतर परीटघडीचं. मी विचारलं, जत्रेला का? म्हणाले, "तांड्यावर सोड."

मॅडमचा चेहरा उतरला. वर्गात त्यांनी खुर्ची पुसून ठेवली. गुरुजी खुर्चीवर बसलेच नाहीत. लेकरांच्या मागं, भिंतीला टेकून खाली बसले ते शाळा सुटेपर्यंत. हे मला मॅडमनं नंतर सांगितलं.

संध्याकाळी गाडीत कुणी भत्त्याचा भ काढला नाही. पूल आला, गेला. गुरुजी काय बघून आले ते ऐकायचं म्हणून मी गाडी मुद्दाम हळू केली.

शेवटी गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुमी चित्र दाखवता आन इचारता, हे काय आहे? लेकरू तोंड उघडायच्या आत तुमीच सांगता, हे झाड आहे. मंग दुसरं चित्र. दिसभर तुमी एकट्याच इचारून राहिल्या आन एकट्याच सांगून राहिल्या. लेकरायला काम काय उरलं?"

मॅडम म्हणाल्या, "पण ती गप्प बसतात ओ गुरुजी. सगळा वर्ग गप्प झाला की मला भीती वाटते. काहीतरी बोलावंच लागतं मग."

"ती नायकाची नात पाह्यली का तुमी? तिचे ओठ हलतात. आधी तिच्या बोलीत लावते, मंग मराठीत फिरवते. फिरवून व्हतंय न व्हतंय तोवर तुमी पुढच्या चित्रावर. ती बसली पुन्हा."

सय्यद सरांनी मागून विचारलं, "मग थांबायचं किती गुरुजी?"

"आपल्याला लाज वाटंपर्यंत," गुरुजी म्हणाले. "आन मंग अजून थोडं."

मी रस्त्यावर नजर ठेवून होतो. पण मला माझी चौथी आठवली. आमचा मास्तर प्रश्न टाकायचा आणि पुढं निघून जायचा. मला उत्तर यायचं ते तो दुसऱ्या रांगेत पोचल्यावर. तेव्हा वाटायचं आपल्याला येत नाही. एवढीच एक हळहळ आहे माझी. ती इथं लिहून टाकतो आणि पुढं जातो.

मॅडम थांबायला शिकल्या. सोपं नव्हतं. त्या सांगायच्या की प्रश्न विचारला की मी खडू मुठीत धरते आणि तोंड गच्च मिटून घेते. आधी एक पोरगं पुटपुटलं, गोरमाटीत. मॅडमनं ते फळ्यावर लिहिलं आणि शेजारी मराठी लिहिलं. मग दुसरं. सोनीचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

आणि मग मॅडमनं जे केलं ते करायला कोल्हापूरचंच काळीज लागतं. भर गाडीत म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही माझा वर्ग बघितला. आता मी तुमचा बघणार."

गुरुजी म्हणाले माझ्या वर्गात बघण्यासारखं काय हाय. सय्यद सर म्हणाले, वही तो देखना है. तांड्यावर देवीचा भोग, म्हणजे पूजा-नैवेद्य होता, शाळेला सुट्टी. मॅडम धनगरवाडीला उतरल्या आणि लेकरांच्या मागं खाली बसल्या.

त्या संध्याकाळी पूल यायच्या आतच मॅडमनं गुरुजींची आधी तारीफ केली, आणि ती खरी होती. मग म्हणाल्या, "एक विचारू? खिडकीकडच्या ओळीला तुम्ही दिवसभरात एकदाही काही विचारलं नाही बघा."

खिडकीकडं मेंढरांमागं जाणारी पोरं बसायची. चार महिने शाळेत, मग मेंढरांबरोबर रानोमाळ. गुरुजी म्हणाले, "ती जाणारीच हायेत."

"म्हणजे असतात तेव्हाबी ती गेलेलीच होय?"

माझ्या हातून गिअर चुकला. गाडीनं असा आवाज काढला की सगळे हादरले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मागच्या बाकड्यावर जाऊन बसले. गुडघे नाकाला लागलेले. पुढची सीट रिकामी. तिथं बसायची कुणाची हिंमत नाही. मी रिकामी सीट घेऊन गाडी चालवली, आणि ड्रायव्हरला त्याच्याइतका अपमान दुसरा नाही. असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी धनगरवाडीला दोन हॉर्न व्हायच्या आधीच गुरुजी बाहेर उभे. पुढचं दार उघडलं, बसले. पूल यायच्या आत म्हणाले, "खिडकीवाली पोरं फळ्यापाशी आणली. एक तर आता जाग्यावर बसायलाच तयार न्हाई. डोकं खाऊन राहिलाय." मागं वळून बघितलं नाही त्यांनी. पण मी आरशात बघितलं, मॅडम हसत होत्या.

त्याच्यानंतर ती रीतच पडली. कुठल्या गावची जत्रा कधी, कुठं उरूस, कुठं भोग, मला तोंडपाठ झालं. ज्याच्या गावाला सुट्टी तो दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसायचा. कायदे गाडीतच ठरले. खुर्चीवर बसायचं नाही. साहेबासारखं बोलायचं नाही. आणि गाडीतलं गाडीत. एका सरांनी, नाव घेत नाही, पाहुणे येणार म्हणून पोरांकडून आठवडाभर घोकून घेतलं. सय्यद सर जाऊन बसले. सरांनी पहिला प्रश्न विचारला आणि एका पोरानं उठून खणखणीत तिसऱ्याचं उत्तर दिलं. संध्याकाळी सय्यद सर म्हणाले, "तुमची पोरं तुमच्या दोन स्टेशन पुढं आहेत, सर, तुम्ही जोरात पळा." हसून हसून गाडी डोलली. पण त्या सरांनीच पुढच्या जत्रेला स्वतःहून सांगितलं की आता या, ह्या वेळी घोकून घेतलेलं नाही, आणि मला भागाकार शिकवायला जमत नाही तेवढं बघा. मास्तरानं मास्तराला मला जमत नाही म्हणणं, हे मी माझ्या गाडीत पहिल्यांदा ऐकलं.

होळी तोंडावर आली. थावरा नायक तांड्याची चार माणसं घेऊन शाळा सुटायच्या वेळेला शाळेत गेला. मला हे ठाऊक नव्हतं. मी माझ्या वेळेला, गाडी मास्तरांनी भरलेली, शाळेसमोर आलो. एक हॉर्न दिला. दुसरा दिला. मॅडम येईनात.

मी गिअर टाकला. कदम गुरुजी म्हणाले, "सकरू, थांब." मी म्हणालो, कायदा. फाट्यावरून नांदेडची बस सुटली की पुढची तासाभरानं, आणि गाडीतल्या सगळ्यांची घरी वाट बघणारी माणसं. पण गुरुजींचा आवाज असा होता की मी चिडून खाली उतरलो. म्हटलं मॅडमला हाताला धरून आणतो.

दारात पोचलो आणि तिथंच उभा राहिलो. थावरा पुढं बसलेला, पागोटं बांधून. इतर लेकरांनी बोलून दाखवलं होतं, पण त्याला ते घोकलेलं वाटलं. म्हणून त्यानं स्वतः सोनीला उभं केलं होतं. मराठीतून विचारलं होतं, "सांग, शाळंत काय शिकली?"

सोनी उभी. बोलत नाही. मॅडम बाजूला, मुठीत खडू, ओठ गच्च. थावरा दाढी खाजवायला लागला. त्यानं बाकीच्यांकडं बघितलं, म्हणजे बघा, मी सांगत होतो. तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनं हळूच हात वर केला. नायकाला हात दाखवला तांड्याच्या शाळेत. मी डोळे मिटले.

आणि त्या सगळ्या शांततेत एकच आवाज, माझ्या गाडीचा. धडधड धडधड. सोनीनं मान वळवून दाराकडं बघितलं. गाडी निघाली की मॅडम जाणार, एवढं तिला कळत होतं.

मी पळत गेलो आणि चावी फिरवली. गाडीतून कुणी विचारलं नाही काहून म्हणून. सगळे उतरले आणि माझ्या मागून खिडक्यांपाशी आले. बस जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता काहीच आवाज नाही. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मला लाज वाटायला लागली. मग अजून थोडा गेला.

थावराला राहवलं नाही. म्हणाला, "बोल की छोरी."

सोनी म्हणाली, "दादा, थांब. मी इचार करून राहिले."

मराठीत. आजोबाला, नायकाला, सगळ्या तांड्यासमोर.

मग ती बोलली. अर्धं गोरमाटी, अर्धं मराठी. म्हणाली, मॅडमला आधी बाटी म्हणता येत नव्हतं, आमी शिकवलं. मग मॅडमनं आमाला भाकर लिहायला शिकवलं. आणि पुढं होऊन फळ्यावर भाकर लिहिलं. काना थोडा वाकडा होता. माझापण तसाच येतो.

कदम गुरुजींनी खिडकीतून तोंड काढून घेतलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. सय्यद सर त्यांना म्हणाले, धूळ फार आहे ना गुरुजी आज. गुरुजी म्हणाले, "गप बस की बे."

थावरा उठला. मॅडमपुढं हात जोडले नाहीत, तो तसला माणूस नाही. बाहेर येऊन माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "गाडी काहून बंद केली? मास्तरायला उशीर व्हतो."

नांदेडची बस अर्थातच गेली होती. फाट्यावर हॉटेलच्या बाकड्यांवर सगळे तासभर बसले, भजी खाल्ली, आणि पुलाच्या अलीकडं असूनसुद्धा कुणी भत्त्याचं बोललं नाही. शिंदे मॅडम एकदा हसायच्या, एकदा रडायच्या. सय्यद सर म्हणाले, मामा, आज दोन हॉर्नांचं काय झालं? मी म्हणालो, इंजन गरम झालं होतं. गुरुजी म्हणाले, "व्हय, लई गरम झालं व्हतं."

आता गुरुजी घरी बसले, मी पण गाडी विकली. मॅडम अजून तांड्यावरच आहेत. बदलीचं त्यांना मी पुन्हा विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. जत्रेच्या सुट्टीला दुसऱ्याच्या वर्गात बसायची रीत चालू आहे, दुसऱ्याच्या गाडीतून.

शेवटचं सांगतो. त्या उन्हाळ्यानंतर शाळा उघडायच्या दिवशी मी सकाळची फेरी करून तांड्यात मॅडमला सोडलं आणि जरा माझ्या ओट्यावर टेकलो. तर पिवळी बस आली. थावराचा बेत मोडल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. नवी कोरी गाडी, काचा चकचकीत. तांड्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी आलं नाही. शाळेतून लेकरांचा गलका ऐकू येत होता, त्यात सोनीचा आवाज सगळ्यांत मोठा. ड्रायव्हरनं दुसरा हॉर्न दिला आणि माझ्याकडं बघितलं.

मी त्याला हातानं खुणावलं, निघ बाबा. दोन झाले.